पुस्तकातला पैलवान

ता. ४ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीची कंबर आता बरी आहे हे वाचून हायसं वाटलं. तुझा सकाळी फिरायला जायचा उत्साह किती टिकतो ते मात्र बघायचंय.

आता महत्त्वाचं. आपल्या पैलवानाला ज्याने नोकरीवर नेलं, त्या गिटारवाल्याने आत्मचरित्र लिहिलंय. चांगलं उशीएवढं जाड आहे. आमच्या वाचनालयात आलं आणि पुठ्ठा घालायला नेमकं माझ्याच टेबलावर पडलं. मी मूर्खासारखी बाबांना सांगून बसले. त्यांनी त्याच दिवशी ते घरी आणायला लावलं. दुपारी वाद्यदुरुस्तीचं दुकान बंद करून जेवण झालं की भिंग घेऊन बसतात. नुसती दारू आणि नुसती भांडणं आहेत रे त्यात. हॉटेलच्या गाद्या रचून हा म्हणे तिसऱ्या मजल्यावरून उडी मारायचा, कुत्र्यासाठी विमानाचं वेगळं तिकीट काढायचा. बाबा शांतपणे वाचतात. फक्त भर कार्यक्रमात त्याने गिटार आपटून फोडली ते आलं, तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस हात लावला नाही. त्या गिटारीची मान मी बसवली होती, एवढंच म्हणाले.

ते कशासाठी वाचतायत हे तुला सांगायला नको. आपल्या भावाने इतकी वर्षं त्या माणसाच्या गिटारी सुरात लावल्या. पोरगा कामाला चांगला होता असं एखादं वाक्य तरी असेल, एवढीच त्यांची आशा. आणि दादा, मी पुढे वाचलंय. आहे तो त्यात. घरातल्या पैलवान ह्याच नावाने आहे. अख्खं एक पान.

एका सकाळी गिटारी लावायच्या राहिल्या म्हणून याने त्याला गाडीतून भर रस्त्यात उतरवलं. तो म्हणे हसत हसत पिशवी घेऊन उतरला. पुढे दारू सुटल्यावर याने सगळ्यांची माफी मागितली, पैलवानाचा पत्ता तेवढा सापडला नाही. आणि मग गंमत म्हणून लिहिलंय, की आता कुठेतरी दुकान थाटून बसला असेल, पोट सुटलं असेल, पोरांवर ओरडत असेल. दादा, याला माहीतच नाही! याची दारू सुटली, आपल्याची सुटली नाही, हे याच्या गावीही नाही. पोट सुटलं होतं रे त्याचं. पण ते शेवटच्या आजारात पाणी भरून. बाबा त्याचं अंग पुसायचे तेव्हा दार लोटून घ्यायचे, आठवतंय ना? आता हे वाक्य बाबांनी कसं वाचायचं? मला काही सुचत नाही. लगेच लिही.

वहिनीला नमस्कार, पिल्लूला पापा. माया आहे तशीच ठेव.

तुझी धाकटी

ता. ११ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं सणकलं. वर्गात पोरांवर उगाचच खेकसलो. हा गृहस्थ आपल्या भावाला दारूची चटक लावणार, राबवून घेणार, रस्त्यात उतरवणार, आणि वर पुस्तक छापून टाळ्या घेणार. वा रे वा!

बाबांना ते पान दाखवायचं नाही. तुझ्या हातात एवढी कला आहे ना, मग ते पान काढ आणि पुस्तक असं शिव की कुणाला पत्ता लागता कामा नये. वाचनालयाचं आहे वगैरे मला ऐकवू नकोस. त्या माणसाने आपल्या पोराचा उल्लेखच केला नाही असं बाबांना वाटू दे. वाईट वाटेल, पण पचेल. हे पचायचं नाही. पैलवान गेला तेव्हाचा त्यांचा चेहरा मी बघितलाय, पुन्हा नाही बघवणार मला.

आणि त्या गिटारवाल्याला एक सणसणीत पत्र जाऊ दे. मजकूर सोबत पाठवतोय. ते पोट कशाने सुटलं होतं ते कळू दे त्याला.

फिरणं मी सोडलं. झालं समाधान? जपून राहा आणि भावावर जीव असू दे.

तुझा दादा

ता. २४ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालास तसं केलं. पान काढलं, खळ लावली, पुठ्ठा चढवला. आमच्या साहेबांना सात जन्मांत कळलं नसतं. बाबांनी पुस्तक उघडलं, नाकाशी नेलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले की ताज्या खळीचा वास येतोय. रागावले नाहीत. पान टाकलं की ठेवलंय, एवढंच विचारलं. मला रडूच फुटलं. पिशवीतून काढून दिलं.

त्यांनी ते वाचलं, आणि लगेच पुन्हा वाचलं. मी आपली पाण्याचा पेला घेऊन समोर उभी. उठून दुकानात गेले आणि कुणाचं तरी मेंडोलिन तारा चढवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी परत तेच पान. तेव्हापासून रोज तेच. पुस्तक पुढे सरकतच नाही. घास हातात धरून बसतात. मला भीती वाटते रे. आपण काय करून बसलो?

तुझा मजकूर नीट उतरवून पाकिटात घातला, तिकीट लावलं. बाबांना सांगितलं तर पाकीट त्यांनी मागून घेतलं. थोरल्याला मीच लिहितो म्हणाले. आई गेली तेव्हासुद्धा त्यांनी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. आलं की मला कळव.

आम्हा दोघांना विसरू नकोस.

तुझी धाकटी

ता. २ एप्रिल

चि. थोरल्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, अक्षर सांभाळून घे. धाकटीला बोल लावू नकोस, तिने पान उत्तम काढलं होतं. तुम्ही दोघं मला जपायला निघालात. सगळंच उलटं चाललंय.

पान वाचलं. पहिल्यांदा, खोटं कशाला सांगू, त्या माणसाला जाऊन दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. पण त्यात एक ओळ आहे, ती रागाच्या भरात धाकटीच्या नजरेतून निसटली. तार उतरायला लागली की माझ्याआधी पैलवानाला कळायचं, असं त्याने लिहिलंय. ते खरं आहे. एवढासा होता तेव्हापासून कळायचं. मी हे कधी कुणाजवळ बोललो नाही. पैलवानाजवळसुद्धा नाही.

धाकटीला वाटतं मी रोज ते पान वाचून स्वतःचे हाल करून घेतो. तसं नाही रे. आपण सगळे त्याला पोचवून आलो. शेजाऱ्यांना, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी त्याचा विषय काढला की आधी आवाज खाली येतो. ह्या एकाच माणसाला ठाऊक नाही. त्याच्या हिशेबी आपला पैलवान जाड झालाय, दुकानात बसतोय, पोरांवर ओरडतोय. मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी डोळे मिटले की तो मला आजारीच दिसायचा. आता दुपारी त्याची पोरं दिसतात. मोठ्याचं नाक माझ्यासारखं आहे.

त्या माणसाला लिहिलेलं तुझं पत्र मी फाडलं. तू लिहिलंस ते शब्द न् शब्द खरं आहे. पण ते वाचलं की तोही आवाज खाली आणून बोलेल, आणि मग कुणीच उरणार नाही. त्याला कळवू नका. मी आहे तोवर तरी नको.

सूनबाईंना आणि बाळाला आशीर्वाद. सवड झाली की येऊन जा.

तुझे बाबा