साहेबाच्या तोंडी लागू नको

प्रिय गजू,

काल तुझ्या जहाजावरचा जोडीदार रोहिणखेडले आला होता, तुझी बॅग घेऊन. तो गेल्यापासून मले चैन नाही, म्हणून लिहून राह्यलो. तुले पोचणार नाही, मालूम हाये मले.

त्यानं लॅपटॉपवर एक रेघ दाखवली, जहाजातल्या विजेच्या मोठ्या पॅनेलच्या तापमानाची. तूच सांगे ना मले, तिथं एकएका जोडावर सेन्सर बसवला हाये, कुठं तापलं का लगेच स्क्रीनवर दिसते. मी म्हणलो, म्हणजे आपण कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून पाहतो, आत गरम झालं का, तसं? किती हसला होता बे तू. म्हणे, हाव दादा, फक्त इथं हात कधी बाहेर काढायचाच नाही.

त्यातलाच एक जोड तापून राह्यला म्हणून तू फोन केला होता. "दादा, मोठा साहेब म्हणते सेन्सर खराब हाये, अलार्मची मर्यादा वाढवून टाक. मले तर बोल्ट ढिला वाटते. पॅनेल बंद करून पाहा लागते." अन् मी शहाणा! "साहेबाच्या तोंडी लागू नको. घरी यायले दीड महिना राह्यला, गुपचूप काढ." आपल्या घरात सगळ्यायले हेच शिकवलं. तू "हाव दादा" म्हणला. काऊन म्हणला? एकदा तरी भांडला असता माह्यासंग.

रेघेत दिसते, त्या दिवशी अलार्म थांबला. रेघ मात्र चढतच गेली. चौथ्या दिवशी पॅनेलनं पेट घेतला अन् तू आत, धुरात. मी इथं सोयाबीन सोंगून राह्यलो होतो. काय करू शकत होतो मी? आता तरी काय करू शकतो?

जोडीदार म्हणे, मर्यादा गजाननच्याच हातानं वाढली. तुझी सुनिता दाराआडून ऐकत होती. तो गेल्यावर आईले म्हणे, "घरचा गॅस तीनदा पाहणारा माणूस, तिथं असा बेपर्वा कसा झाला?" तिले तुझा राग येऊन राह्यला गजू. तुझा! मी तिथंच बसलो होतो.

मी तिचा भासरा, थोरला दीर. लग्न होऊन आल्यापासून आम्ही समोरासमोर बसून कधी धड बोललो नाही. पण उद्या सकाळी, वावरात जायच्या आधी, आईसमोर तिले बसवतो अन् सांगतो, गजू साहेबाले बोलणार होता, मीच त्याले गप्प बसवलं. मग तिनं मले या घरात ताट वाढलं नाही तरी चालते.

तुझा,
विलासदादा