गेटवरचा बोर्ड

३ मे
सुट्टीतल्या जेवणकेंद्राचा प्रमुख म्हणून पहिला दिवस. शाळेचा हॉल, दोन लांब टेबलं, स्वयंपाकाच्या बाई आणि मी. बासष्ट मुलं आली. संकल्प एक: शंभर करून दाखवायची. संकल्प दोन: मुलांच्या जेवणाला हात लावायचा नाही. फक्त चव घेणार, तीही ड्यूटी म्हणून.

५ मे
पब्लिसिटी कमी पडते. पेंटरकडून बोर्ड करून घेतला. 'गरीब मुलांना मोफत जेवण.' लाल अक्षरं, थेट बसस्टॉपवरून दिसतात. बाई म्हणाल्या, सर, तेवढा 'गरीब' काढा. म्हटलं, बाई, तुम्ही तुमची डाळ बघा, खाली लागतेय. धाकट्या भावाला कडेवर घेऊन एक मुलगी येते, दोन वेण्यांची. बोर्डासमोर बराच वेळ उभी होती. वाचनाची केवढी गोडी!

७ मे
एकेचाळीस मुलं. ऊन फार. रिपोर्टसाठी प्रत्येकाचा ताटासकट फोटो काढला. दोन वेण्यांना म्हटलं, हस की गं. मान वर केली नाही. लाजाळू आहे. फोटो बोर्डाखाली ओळीने चिकटवले. काय शोभा आली!

१० मे
एकोणीस. मामाकडे गेली असणार सगळी. चव घेतली. तीनदा. अन्न टाकणं बरं नव्हे.

१२ मे
सात. दोन वेण्याही नाहीत. बाई म्हणतात, बसस्टॉपवर वर्गातली मुलं उभी असतात, त्यांच्यादेखत त्या बोर्डाखालून कोण येईल? काहीतरीच! घरी जेवत असतील, उलट चांगलंच आहे की. पँटचं बटण लागेना. धुऊन आटली.

१३ मे, सकाळी ११
बाईंना खोटं पाडायला शाळेच्या मागच्या गल्लीत गेलो. नळाला तोंड लावून दोन वेण्या पाणी पीत होत्या. थांबून थांबून, पोट भरेपर्यंत. मग ओंजळीने भावाला पाजलं. मला पाहताच त्याला उचलून पळाली.
गेटवर येऊन बोर्ड वाचला. नीट असा पहिल्यांदाच. स्टुलावर चढून स्वतः उतरवला. खाली चिकटवलेले फोटोही उतरवले. बाईंनी स्टूल धरलं. उद्या सगळी येतील.

१४ मे
कोणी आलं नाही. आलं ते ऑफिसचं पत्र. मुलांअभावी केंद्र उद्यापासून बंद. रिपोर्टमधली बोर्डाची कल्पना मात्र उत्तम, पुढच्या वर्षी सगळीकडे लावणार, फोटो पाठवा.
बाईंकडून दोन वेण्यांचा पत्ता घेतला. डब्यात भात, डाळ, दोन अंडी भरून गेलो. दार तिनेच उघडलं. म्हटलं, बाळ, बोर्ड काढला. चुकलं माझं. एवढं घे. मागून धाकटा म्हणाला, ताई, भात. तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. आम्ही जेवलोय, सर, म्हणाली, आणि दार हळूच लावून घेतलं.
डबा परत आणला. समोर टेबलावर आहे. चव घेतली नाही.