विरजणाची बरणी

१२ जानेवारी, रविवार. फर्दापूर.
पोचलो. मुलाने, इंद्रजीतने, गाडीने सोडलं. सूनबाई तनुजा म्हणाली, नाना, दहा दिवस मस्त रमा, घाईने परत येऊ नका. किती काळजी. इटालियन स्वयंपाकाची ही शाळा भर शेतात आहे, चारी बाजूंना कापूस. शिकवणाऱ्या ल्युचियाबाई इटलीच्या. त्यांचं बोलणं मनस्विनी मराठीत सांगते; शाळा तिचीच. शिकणारे सहा, त्यात सर्वांत वडील मी. मला खुर्ची देतात. नववीपर्यंतच शिकलो, पण इथं पहिला नंबर काढायचा निश्चय केला आहे. घरी गेल्यावर संध्याकाळचा स्वयंपाक माझा. मग तनुजाला माझी अडचण वाटणार नाही. तशी वाटत नाहीच.

१३ जानेवारी
पास्ता केला. शेवईच, फक्त रुंद. माझा तुटला. मैद्यात दोष होता.

संध्याकाळी ओट्यावर बरणीत मळलेलं पीठ दिसलं. कालचं. आंबट वास, वर बुडबुडे. मळलेलं पीठ रात्रभर ठेवायचं नसतं, श्राद्धाच्या पिंडासारखं होतं ते, अशुभ. ठेवावंच लागलं तर आमच्याकडे वर बोटं उमटवतात, म्हणजे त्याचा पिंड राहत नाही. इथं तेही नाही. ल्युचियाबाई परक्या मुलखातल्या, त्यांना कोण सांगणार. पीठ शेजारच्या शेतातल्या गाईला घातलं. तिने चाटूनपुसून खाल्लं. बरणी स्वच्छ घासून पालथी घातली. समाधान वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत
ते पीठ मुद्दाम ठेवलेलं होतं. पावाचं विरजण. ल्युचियाबाईंच्या आईने लावलेलं, रोज थोडा मैदा घालून जिवंत ठेवलेलं. आई वारली. बाईंनी ते विमानात मांडीवर घेऊन आणलं. बाई रडल्या. हुंदके देऊन रडल्या.

मनस्विनीने विचारलं, बरणी कोणी घासली? सगळे आवडाबाईंकडे बघायला लागले. भांडी त्या घासतात. त्यांच्या या पगारावर लेक सिल्लोडला कॉलेजात जाते. म्हणाल्या, ताई, म्या नाय टाकलं, लेकीची आण. मनस्विनी म्हणाली, मग काय बरणी आपणहून घासली गेली? पुरुषमाणसाने भांडं घासलं असेल हे कोणाच्या मनातही आलं नाही. मी बोलणार होतो. तोंडात चहा होता.

दुपारी आवडाबाईंनी तिळगूळ दिला. म्हणाल्या, घ्या काका, तुमी तरी गोड बोला, हितं आज समदी कडू झालीत. खाल्ला. उद्या सकाळी सांगायचं. नक्की.

१५ जानेवारी
सांगितलं नाही. बाई आधीच दुःखी, त्यात भर नको. आवडाबाईंना स्वयंपाकघरातून काढून अंगण झाडायला लावलं आहे. मोकळ्या हवेतलं काम. तब्येतीला चांगलंच.

१६ जानेवारी
उपाय सापडला. नुसतं सांगून काय होतं? नुकसान भरून द्यावं. डब्यात मैदा, पाणी आणि दोन चमचे दही कालवून खोलीत पांघरुणाखाली ठेवलं. दही ही माझी सुधारणा.

१७ जानेवारी
डबा उघडला. शेजारच्या खाटेवरचे अनंतराव म्हणाले, काकासाहेब, पोट बिघडलंय का? ओवा देऊ? हो म्हणालो. ओवा खावा लागला. पीठ गाईपुढे टाकलं. तिने तोंड फिरवलं.

रात्री झोप नाही. ओव्यामुळे असेल.

१९ जानेवारी, रविवार
ठरवलं, आधी आवडाबाईंनाच सांगू. त्या अंगण झाडत होत्या. जवळ गेलो. म्हटलं, थंडी लई आहे. त्या खराटा थांबवून म्हणाल्या, व्हय. अजून काय बोलायचंय का, काका? म्हटलं, नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग झाडायला लागल्या. फार समजूतदार बाई.

२१ जानेवारी
आज प्रमाणपत्रं दिली. निरोपाच्या भाषणात सांगायचं ठरवलं होतं. आवडाबाईंची इज्जत चारचौघांत गेली, चारचौघांतच परत यायला हवी. भाषण पाठ केलं होतं. उभा राहिलो. शाळेचे आभार मानले. हवेचे मानले. पाण्याचेही मानले. मग बसलो. टाळ्या झाल्या. मनस्विनी म्हणाली, काकांसारखी सरळ माणसं आता मिळत नाहीत. आवडाबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात खराटा होता म्हणून.

२३ जानेवारी, गुरुवार. संभाजीनगर.
तनुजा म्हणाली, दहा दिवस संपले पण?

फोनवर तोंड दिसत नाही, सोपं जाईल, म्हणून मनस्विनीला फोन लावला. सुरुवात म्हणून आवडाबाई कशा आहेत ते विचारलं. ती म्हणाली, त्यांना कालपासून कामावरून बंद केलं, काका. विश्वासाचा प्रश्न आहे. मी त्यांचा नंबर तेवढा मागून घेतला.

आवडाबाईंना लावला. कापूस वेचत होत्या. मी नाव सांगितलं. त्याच म्हणाल्या, गाईला घालताना म्या बघितलं व्हतं तुमाला. म्हनलं, थोर माणूस हाय, आपल्या तोंडानं सांगंल. म्या तुमचं नाव घेतलं असतं तर कुनाला खरं वाटलं असतं? आता तरी ताईला सांगा, काका. लेकीची फी हाय.

म्हटलं, आत्ता सांगतो.

मनस्विनीला पुन्हा लावला. तिने लगेच उचलला. म्हणाली, बोला काका. मी विचारलं, पास्त्याच्या पाण्यात मीठ किती घालायचं? मूठभर, म्हणाली. अजून काही? म्हटलं, नाही.

आवडाबाईंचा फोन येतो आहे. सांगितलं का, ते विचारायला असणार. वाजू दिला.