कमळीच्या पोटातले उत्तर

कऱ्हाटी, ता. बारामती
शुक्रवार, पहिली पाळी करून आल्यावर

तीर्थरूप हिंदुराव मामा आणि सौ. मामी यांच्या पायांवर (मामींचा दुखरा गुडघा सांभाळून) विजयसिंहाने डोके ठेवले आहे असे समजावे.

डोळ्यात थेंब वेळेवर पडत असतील आणि काळा चष्मा देवळीत न राहता आपल्या नाकावर राहत असेल, अशी आशा आहे. इकडे श्रेयाच्या साखरपुड्याची तयारी चालू आहे आणि माझी एमआयडीसीची पाळीही चालू आहे. आपली लेक शालन मात्र गप्प आहे. आपल्या गाईचा विषय मी काढला की ती उठून गोठ्यात जाते. तिच्या मनाला फार लागले असावे. फोन केला तर आपण "गाय आना" एवढेच म्हणून ठेवून देता, आणि समोर आलो की मी मुद्द्याला हात घालण्याआधी चहा मागवता. म्हणून हे लेखी.

आधी आरोप मांडतो, तोही आपल्याच शब्दांत, म्हणजे मी तो सौम्य केला असे कोणी म्हणणार नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आपण चिरंजीवांकडे, संभाजीकडे पुण्यास राहिलात. तेवढे दिवस आपली कमळी आमच्या गोठ्यात, आमच्या चांदणीशेजारी बांधलेली होती. आपण लासुर्ण्यास परतलात तेव्हा आम्ही टेम्पोने गाय पोचती केली. आपण बाजेवरून उठलात, चष्मा कपाळावर सारलात, तिच्याभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, "जावईबापू, गाय झ्याक हाय. पर माझी न्हाय." मी हसलो (ही चूक झाली). त्यावर आपण जमलेल्या मंडळींना ऐकवलेत, "माझी ठिवून घेतली आन् सोताची धाडली. शिकल्याला माणूस हाय, बराबर इचार केला आसंल." आणि मी फटफटीला किक मारत असताना शेवटचे वाक्य, "आदी माझी गाय, मग नातीचा साखरपुडा."

मामा, नातीच्या साखरपुड्यात आजोबांची खुर्ची रिकामी राहिली तर व्याह्यांना काय सांगायचे? गाईवरून रुसले म्हणून?

मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारले की खरेच अदलाबदल झाली असेल का. दोघी काळ्या-पांढऱ्या, दोघी सारख्याच उंचीच्या, दोघींच्या कानातले बिल्ले तुटून पडलेले (कमळीचा आपल्याच गोठ्यात पडला, हे नोंद म्हणून लिहितो, तक्रार म्हणून नव्हे). दूध, चारा, शेण हे सर्व शालनचे खाते. मी क्वालिटी विभागात दिवसभर दुसऱ्यांचे नट-बोल्ट नापास करतो आणि मला घरच्या दोन गाईंतला फरक सांगता येत नाही, हे मान्य करताना माझी मान खाली गेली. पण गाय टेम्पोत चढवली ती शालनने स्वतः. तिच्या हातून गाय चुकणे म्हणजे माझ्या हातून माझी सही चुकणे. तेव्हा गाय बदललेली नाही. बदलला आहे तो आपला डोळा. मोतीबिंदू पिकला की त्यातून पांढरे ते पिवळट दिसते. आपण तीन वर्षे सायीच्या रंगाची कमळी पाहिलीत, आणि आता नव्या भिंगातून चुन्यासारखी पांढरी कमळी पाहताय. (हे बोललो तेव्हा मामी म्हणाल्या होत्या, "मलाबी बघून म्हणले, तू एवढी म्हातारी कवा झालीस." त्यांची साक्ष मी जमेस धरतो.)

डोळ्याचा वाद डोळ्याने मिटणार नाही, म्हणून विज्ञानाकडे वळलो. आपण पुण्यास असताना कमळीने वैरण सोडली होती. कुट्टीतून तारेचा तुकडा पोटात गेला असावा असे जनावरांचे डॉक्टर म्हणाले. त्यावर उपाय म्हणजे बोटाएवढे चुंबक तिच्या घशात सोडायचे. ते पोटाच्या पुढच्या कप्प्यात जाऊन जन्मभर बसते आणि तारा, खिळे धरून ठेवते. हे आपणास कळवले नाही, कारण डोळ्यावर ताण येऊ नये असे शालनचे म्हणणे पडले (कानाने ऐकायच्या बातमीचा ताण डोळ्यावर कसा येतो, हे तिलाच विचारावे). म्हणजे पाहा, लासुर्ण्यातल्या गाईच्या पोटात चुंबक सापडले की ती कमळी. इतके सोपे.

पहिल्या खेपेस मी मोबाईलमधले होकायंत्र घेऊन आलो, ते आपण पाहिलेच. यंत्राने गाईकडे उत्तर दाखवली आणि मी आनंदाने आपणास हाक मारली. मग त्याने हौदाकडे उत्तर दाखवली, मग आपल्याकडे, मग वाजिदकडे. (वाजिद म्हणजे बारामतीत पंपाच्या जळक्या मोटारी नव्या तारेने रिवाइंड करून देतो तो. आपण त्याला "तुमचा वकील" म्हणालात.) तो म्हणाला, "विजू, हितं समद्यांनीच चुंबक गिळलंय बघ." कारण नंतर सापडले. मोबाईलच्या कव्हरचे झाकण मिटायला त्यातच एक चुंबक होते. मी जिकडे तोंड करीन तिकडे उत्तर. आपण त्यावेळी बाजेवरून म्हणालात, "उत्तर मला इचारा की. सोसायटीच्या हापिसाकडं हाय." ते बरोबर होते, हे मी आज मान्य करतो.

दुसऱ्या खेपेस खरे, सुईचे होकायंत्र आणले. गोठ्यातली बादली, साखळी, खुरपे, दुधाची कॅन, सगळे लोखंड बाहेर काढले (मामींचा तांब्या पितळी असल्याने राहू दिला, पितळ सुईला हलवत नाही). सुई घेऊन गाईच्या डाव्या कोपरामागे गेलो. ती गर्रकन फिरली. आता साधे लोखंडही सुई ओढतेच, म्हणून मी तेवढ्यावर थांबलो नाही. लोखंड सुईचे कुठलेही टोक ओढते. चुंबक मात्र एक टोक ओढते आणि दुसरे ढकलते. कोपराच्या पुढून सुईचे लाल टोक गाईकडे वळले, मागून पांढरे वळले. म्हणजे आत दोन ध्रुव आहेत, म्हणजे आत चुंबकच आहे. मी हे आपणास हात जोडून समजावले. आपण म्हणालात, "माशी बसली आसंल."

म्हणून तिसरी खेप. हिचे वर्णन मी जरा घाईने करतो. चुंबक तारेच्या वेटोळ्यातून हलले की तारेत वीज उठते. धरणावर, कारखान्यावर वीज होते ती याच तत्त्वाने. तेव्हा वेटोळ्यातून गाय चालवली आणि मीटरचा काटा हलला, तर माशीला जागाच उरत नाही. वाजिदने जळक्या मोटारीची तांब्याची तार दिली, ती आम्ही गोठ्याच्या दारावरच्या लाकडी चौकटीला गुंडाळली. गाय आत नेली, बाहेर आणली, पुन्हा आत. काटा ढिम्म. निम्मी आळी गोळा झाल्यावर लक्षात आले की त्या तारेवर लाखेचा थर असतो आणि टोके खरवडल्याखेरीज वीज बाहेर येत नाही. मी पदवीधर, वाजिदचा हा रोजचा धंदा, आणि विसरलो दोघेही. टोके खरवडली तरी काटा हलेना, कारण वीज किती उठते ते वेगावर ठरते आणि गाय सावकाश चालली होती. "मग पळीवा की," असे आपणच म्हणालात, मामा. कोणीतरी मागून पोते झटकले. गाय पळाली, ती चौकट गळ्यात घेऊन. मागे तार, तारेमागे मीटर, मीटरमागे वाजिद. त्या धावपळीत काटा हलला, हे वाजिद शपथेवर सांगतो. पण तो चुंबकाने हलला की मीटर दगडांवरून आपटत गेल्याने, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, म्हणून हा तिसरा पुरावा मी मागे घेतो. "दूध सोडून करंट काढाया लागलं पाव्हणं," हे आपले वाक्य आता कऱ्हाटीपर्यंत पोचले आहे.

परंतु दुसरा पुरावा भक्कम उभा आहे. दोन ध्रुव, दोन टोके, शंकेला जागा नाही. मी आयुष्यात इतक्या खात्रीने फार थोड्या गोष्टी बोललो आहे. आपल्या दावणीला आहे ती कमळीच. तेव्हा राग सोडून पुढच्या रविवारी यावे. पहिले कुंकू आपल्या हातचे असावे, असा श्रेयाचा हट्ट आहे. आपण आला नाहीत तर ती पाटावर बसणार नाही, आणि ती आपलीच नात आहे, हे सिद्ध करायला मला होकायंत्र लागत नाही.

आपला आज्ञाधारक जावई,
विजयसिंह

ता. क. दाराची चौकट मी स्वखर्चाने नवी बसवून देतो.

ता. क. दुसरा. वाजिदचा मीटर उकिरड्यात सापडल्यास पुसून ठेवावा. हे पत्र उद्या शालनबरोबर पाठवत आहे.

ता. क. तिसरा (शालनच्या हातचा). आबा, खाली जागा हुती म्हणून एस्टीत बसून लिवते. तुमचा डोळा अगदी बरोबर हाय. तुमच्याकडं हाय ती चांदणी. कमळी आमच्याकडंच हाय. पोटात तार गेल्यापास्नं ती धार काढाया बसलं की लाथ झाडती, मला दोनदा पाडलं तिनं. तुमी नवा डोळा घिऊन तिच्याखाली बसणार, आन् बसू नगा म्हणलं तर मुद्दाम बसणार. म्हणून मीच चांदणी चढीवली टेम्पोत. ती दूधबी जास्त देती, तवा तुमचं नुकसान न्हाय. चुंबक मी डॉक्टरांकडनं दोघींनाबी द्यायला लावलं, एकीला औशिद आन् दुसरीला न्हाय, आसं माझ्याच्यानं हुईना. त्यामुळं ह्यांची सुई खोटं बोलली न्हाय. ह्यांना सांगितलं आसतं तर ह्यांनी त्याच दिशी तुमाला कळीवलं आसतं, आन् तुमी त्याच दिशी कमळी घिऊन गेला आसता. आता एवढं करा. रविवारी या, आन् चारचौघांत "माझीच कमळी" म्हणा. ती निवळली की मी गुमान बदलून दिते. ह्यांना तवाबी कळायचं न्हाय.