चोविसावे महाविद्यालय

कार्प पॉइंट,
दि. १८ मे २००९

चि. कायसा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे दि. ११ चे पत्र पावले. त्यावर रश्श्याचा डाग होता, त्यावरून ते तू जहाजाच्या स्वयंपाकघरातच लिहिलेस हे उघड आहे. येथे सर्व क्षेम आहे. सरोवरावरचे बर्फ गेले. आयली मावशीचे येणे मात्र गेलेले नाही. ती दर मंगळवारी मांस-बटाटा भरलेली पॅस्टी घेऊन येते, मी ती खातो की नाही हे उभी राहून पाहते, आणि बायको गेल्यावर पुरुष मोजे धूत नाहीत असे सर्वसाधारण विधान करून निघून जाते. मी मोजे धुतो. तिच्या बहिणीच्या हयातीतही माझे मोजे मीच धूत असे.

वैद्यकीय प्रवेशासाठी तू निवडलेल्या तेवीस महाविद्यालयांची यादी मी तीनदा वाचली. एकतीस वर्षे वजनमापे निरीक्षक राहिलेल्या माणसाला यादी पाठवावी आणि त्याने ती नुसती वाचून ठेवावी, अशी तुझी अपेक्षा नसावी. तू प्रत्येक नावापुढे निवडीचे कारण दिले आहेस, हे योग्यच. परंतु 'गावाला बंदर आहे', 'मासे ताजे मिळत असणार' आणि 'माहितीपुस्तिकेतल्या मुलीचे दात माझ्यासारखे आहेत' ही कारणे मला तपासता येत नाहीत.

तू छत्तीस वर्षांची आहेस. सोळा वर्षे लोहखनिज वाहणाऱ्या जहाजावर स्वयंपाक करतेस. एकोणिसाव्या वर्षी रसायनशास्त्रात नापास होऊन कॉलेज सोडलेस, आणि गेले सहा हिवाळे, जहाज बर्फामुळे बांधून ठेवलेले असताना, तोच विषय पुन्हा शिकून वर्गात पहिली आलीस. असा अर्जदार कोण घेईल, हा खरा प्रश्न आहे. माझ्या माहितीप्रमाणे याचे उत्तर मिल्स्टन असे आहे. ते आपल्याच राज्याचे आहे, उत्तरेकडच्या गावांतून आलेल्यांना ते प्राधान्य देते, आणि गेल्या वर्षी त्यांनी छपरे शाकारणाऱ्या एका एक्केचाळीस वर्षांच्या कामगाराला प्रवेश दिला. तुझ्या यादीत मिल्स्टन नाही. ही नजरचूक असल्यास दुरुस्त करावी, नसल्यास खुलासा करावा.

प्रकृतीस जपावे. माया आहेच, ती पत्रोपत्री वाढावी.

तुझा पिता,
आर्विड निस्काला


जहाज 'एल्मर टी. हॉब्सन',
ह्यूरन सरोवर, २९ मे

ती. बाबांना,

कायसाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचं पत्र डेट्रॉइटला टपालनौकेने आणलं आणि नेहमीसारखं बादलीत घालून दोरीने वर ओढलं. बादलीत तुमचं जाडजूड पाकीट बघून पर्व्हिसने विचारलं की बाबांनी निकाल लावला वाटतं. हा पर्व्हिस म्हणजे आमच्या इंजिनवरचा. मागच्या ऑक्टोबरात त्याचं बोट दारात चिरडलं तेव्हा बंदर येईपर्यंत अकरा तास ते मी सांभाळलं. तेव्हापासून तो मला डॉक्टरीणबाई म्हणतो आणि जेवायला दुसऱ्यांदा वाढून मागतो.

कप्तान रस्कनी शिफारसपत्र दिलं. त्यात लिहिलंय की हिच्या सोळा वर्षांच्या स्वयंपाकाने आजवर कोणीही मेलेलं नाही. हे पुरेसं जोरदार झालं का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मग म्हणाले की तू गेलीस तर व्हाइटफिशचं सूप कोण करणार, याचा त्या महाविद्यालयांनी काही विचार केलाय का.

मिल्स्टनचं म्हणाल तर तिथे पाणी नाही. न हलणाऱ्या जमिनीवर मला झोप लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. एवढंच कारण.

आणि बाबा, पाया पडते, पण त्या महाविद्यालयांना फोन करू नका.

मोजे धुता ते कळलं. वाळवता का? राग नसावा, असलाच तर पुढच्या बादलीतून पाठवा.

तुमची,
कायसा


कार्प पॉइंट,
दि. ९ जून २००९

चि. कायसा हिस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र येण्यापूर्वीच मी फोन करून झाले होते, त्यामुळे तुझी विनंती मोडली असे म्हणता येत नाही.

तेवीसपैकी एकोणीस कार्यालयांशी बोलणे झाले. मी प्रत्येक वेळी माझे नाव आणि मी वजनमापे खात्यात होतो हे सांगत असे, कारण निनावी चौकशी करणे मला प्रशस्त वाटत नाही. एके ठिकाणी हे ऐकून फोनवरच्या मुलीने माझे नाव आणि खाते पुन्हा विचारून लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी तेथील एका अधिकाऱ्याने आपण होऊन फोन केला आणि रुग्णालयातले सगळे काटे तपासून घेतल्याचे कळवले. बालरुग्ण विभागातला एकच काटा चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता, तो बदलला आहे, तरी वर कळवू नये, अशी त्याने गळ घातली. मी निवृत्त आहे हे मी पहिल्याच वाक्यात सांगितले होते. बाळांची वजने आता तरी बरोबर भरतील. ते महाविद्यालय मात्र यादीतून काढावे, तेथे तुझे आडनाव लक्षात राहील.

आणखी तेरा मी खोडली आहेत. सात महाविद्यालये परराज्यातील अर्जदार केवळ नावापुरते घेतात. सहांना तुझे एकोणिसाव्या वर्षीचे गुण पुढच्या सहा हिवाळ्यांइतकेच जड वाटतात. राहिली नऊ. त्या नऊंत मिळून तुझी आशा मूठभर आहे, हे मी सौम्य करून लिहीत नाही.

मिल्स्टनमधून नदी वाहते. तिची रुंदी चारशे फूट आहे. नकाशा सोबत जोडला आहे. तुझे कारण मी फेटाळतो आणि खरे कारण मागवतो.

आयली मावशी म्हणते की मी तुझ्या फार मागे लागलो आहे. हे सांगताना तिने खुर्ची घेतली, म्हणजे विषय तिला महत्त्वाचा वाटत असावा.

उत्तराची वाट पाहणारा, तुझे बरे चिंतणारा,

तुझा पिता,
आर्विड निस्काला


जहाज 'एल्मर टी. हॉब्सन',
सू कालव्यापाशी, १८ जून

ती. बाबांना,

शि. सा. नमस्कार. नदी मोजलीत! बरं, ऐका आता.

मिल्स्टनमध्ये आई आहे.

तिने देहदान केलं तेव्हा आपण सगळे हसलो होतो. पहिलं तीच हसली होती. सॉनाच्या, आपल्या वाफेच्या न्हाणीच्या, दारावर १९७० सालचं तिचं मिल्स्टनचं नकारपत्र चिकटवलेलं होतं, आठवतं ना? देहदानाची संमती आली तेव्हा तिने ते पत्र त्याच्याच शेजारी लावलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं. म्हणाली की बघा, तेव्हा मुलाखत घेऊनसुद्धा नाही म्हणाले, आता बिनमुलाखतीची घेताहेत. आयली मावशीने विचारलं की तुला लाज कशी वाटत नाही गं, तर म्हणाली की ॲडमिशन मिळाल्यावर कसली लाज.

मीही हसले होते. पण त्या इमारतीत पांढरा कोट घालून जायचं म्हटलं की माझे पाय उचलत नाहीत. मी जाईन तोवर ती तिथे नसेल, तारखा मलाही कळतात. तुम्ही तारखा लिहून पाठवाल म्हणून आधीच सांगते, त्यांचा उपयोग होत नाही. डॉक्टर व्हायचंय मला बाबा, फार व्हायचंय, आणि मिल्स्टनशिवाय होता येणार नाही हे तुमच्या फोनांच्या आधीपासून माहीत होतं. म्हणून तर तेवीस नावं लिहिली. चोविसावं लिहायचं धैर्य नव्हतं.

आणि आता तुमचं. मावशीने सांगितलं की मिल्स्टनहून एप्रिलमध्ये आलेलं पाकीट तुम्ही पावाच्या डब्यामागे ठेवलंय, न उघडता. तुम्ही! जाहिरातीची पत्रकंसुद्धा पोच लिहून ठेवणारे तुम्ही! त्यात काय आहे तेही तिला माहीत आहे, कारण तसंच तिलाही आलंय. विद्यार्थी देहदात्यांसाठी कृतज्ञतेचा कार्यक्रम करतात, त्याचं बोलावणं आहे. २८ जूनला. आणि अस्थींचं काय करायचं, त्याचा फॉर्म.

तर मला खुलासा मागणाऱ्या निरीक्षकसाहेबांना माझी अट. तुम्ही तिथे जा, बघा, आणि जागा कशी आहे ते मला लिहा. मग मी अर्जाचं ठरवते.

फार बोलले. मोठेपणा तुमचा, तो तसाच राहू द्या.

तुमची,
कायसा


कार्प पॉइंट,
दि. ३० जून २००९

चि. कायसा हिस,

अनेक आशीर्वाद. मी जाऊन आलो. आयली मावशी बरोबर होती. मोठा पूल ओलांडेपर्यंत ती बोलत होती आणि ओलांडल्यावर आपले बोलावणे काढून पुन्हा पुन्हा वाचू लागली, त्याअर्थी तिलाही जड गेले असावे.

इमारत स्वच्छ आहे. सभागृहातल्या खुर्च्या अरुंद आहेत. कॉफी पातळ होती. दारात आम्हाला छातीवर लावायला चिठ्ठ्या दिल्या, त्यांवर नावाऐवजी 'कुटुंब' एवढेच छापलेले होते. मी म्हटले की माझे नाव लिहावे. तेथील मुलगी नम्रपणे म्हणाली की आज कोणाचेच नाव नाही, कारण कोणता देह कोणाचा हे विद्यार्थ्यांना कधीच सांगत नाहीत. नियम उत्तम आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच केला असता.

मग विद्यार्थी एकेक करून उठले आणि आपल्याला ज्यांनी शिकवले त्यांचे आभार मानू लागले. ते देह म्हणत नाहीत, अध्यापक म्हणतात. एक मुलगी म्हणाली की हृदय हातात धरल्यावर तिला पहिल्यांदा भीती वाटली आणि मग वाटेनाशी झाली. त्या अध्यापिका कोण होत्या हे कळायला मार्ग नव्हता. तेव्हा प्रत्येक भाषणाच्या शेवटी ते तुझ्या आईसाठी, हेल्मीसाठीच असल्याचे समजून मी मान लववू लागलो. अठ्ठावीस भाषणे झाली. त्यांपैकी एकात अगदी शेवटी अध्यापकांच्या दाढीचा उल्लेख आला, परंतु तोवर मी मान लववून चुकलो होतो. पलीकडच्या बाईंनीही लववली होती आणि त्यांच्या पलीकडच्या गृहस्थांनीही. आयली मावशी माझ्या कानाशी म्हणाली की हेल्मी आत्ता पोट धरून हसली असती. ते खरे आहे.

बाहेर मला तो छपरे शाकारणारा कामगार भेटला. लायल बँक्रॉफ्ट त्याचे नाव. पहिले वर्ष गुडघ्यांना छपराइतकेच त्रासदायक आहे, असे तो म्हणाला. मी त्याला तुझ्याविषयी सांगितले. त्याने विचारले की जहाजावरची बाई सूप करते का, कारण येथील खाणावळ भयंकर आहे.

अस्थींच्या फॉर्मवर सही केली. शरदात पाठवतील.

आता जे मी सदतीस वर्षांत तुझ्या आईलाही नीट बोललो नाही, ते लिहितो. १९७० साली तिचा अर्ज मी माझ्या कार्यालयातल्या यंत्रावर टाइप केला होता. त्यात विवाह ठरला आहे काय, असा रकाना होता. आमचे लग्न ठरून नऊ दिवस झाले होते. ती म्हणाली की आर्विड, हा कोरा सोडू. मी म्हणालो की रकाना कोरा सोडणे म्हणजे माहिती दडवणे होय, आणि 'होय' असे टाइप केले. मुलाखतीत तिला त्याखेरीज दुसरे काही विचारले नाही. लग्न व्हायच्या मुलीवर जागा वाया जाईल, असे नकारपत्रात लिहून आले. ते पत्र तू आयुष्यभर सॉनाच्या दारावर पाहिलेस. ती मला एका शब्दाने बोलली नाही. पुढे मी कोणताही फॉर्म भरायला बसलो की मागे उभी राहून एकदा घसा मात्र साफ करीत असे. ते पाकीट मी उघडले नाही, कारण आत फॉर्म असणार हे मला माहीत होते आणि मागे कोणी उभे नव्हते.

मिल्स्टनसाठी मी तुझ्या मागे का लागलो, याची सयुक्तिक कारणे तुला पूर्वी कळवली आहेत. हे एक असयुक्तिक कारण. तेही विचारात घे, वा घेऊ नकोस. जागा पाहिली आहे. तेथे माणसे नीट वागतात. निरीक्षक म्हणून माझी शिफारस आहे, बाप म्हणून आग्रह नाही.

काही कमीजास्त लिहिले गेले असल्यास पोटात घालावे.

तुझा पिता,
आर्विड निस्काला


जहाज 'एल्मर टी. हॉब्सन',
एरी सरोवर, ११ जुलै

ती. बाबांना,

शि. सा. नमस्कार. तुमचं पत्र मी चुलीपाशी उभ्याउभ्या वाचलं. चौदा माणसांचे बटाटे करपले, सोळा वर्षांत पहिल्यांदा. कप्तान म्हणाले की शिफारसपत्र परत घ्यावं लागेल. पर्व्हिसने करपलेलेसुद्धा दोनदा वाढून घेतले आणि विचारलं की बाबा बरे आहेत ना. बरे आहेत म्हटलं, दाढीवाल्याचेही आभार स्वीकारून आलेत.

त्या नऊ ठिकाणी अर्ज गेले. आता दहावा. मिल्स्टनचा फॉर्म भरलाय आणि सोबत त्याची प्रत पाठवतेय. पाठवण्यापूर्वी तपासून द्या. हा माझ्या मनासारखा जायला हवा.

सगळं सरळ होतं, एका ठिकाणी अडले. जवळचं कोणी नातेवाईक या महाविद्यालयात होतं का, असल्यास नातं, पद, विभाग आणि कालावधी लिहा, असा प्रश्न आहे. एक अख्खा दिवस मी तो कोरा ठेवला. वाटलं, कशाला, त्यांना चमत्कारिक वाटेल. मग तुम्ही अठ्ठावीस वेळा मान लववलीत ते आठवलं. आणि भरला. नातं: आई. पद: अध्यापक. विभाग: शरीररचनाशास्त्र. कालावधी: नोव्हेंबर २००७ ते जून २००९.

बरोबर आहे ना? चूक असेल तर खोडा, मी रागावणार नाही. मुलाखतीत विचारलंच तर सगळं खरं सांगेन आणि बहुतेक हसेनही.

ऑगस्टमध्ये चार दिवस घरी येतेय. मावशीला सांगा, पॅस्टी दोन जास्त. आशीर्वाद तेवढा बादलीत मावत नाही, तो हवेतून पाठवा.

तुमची,
कायसा


कार्प पॉइंट,
दि. २० जुलै २००९

चि. कायसा हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. अर्ज तपासला. पान तीनवर जहाजाच्या नावातले 'टी' राहून गेले आहे, ते घालावे. पान पाचवर सहा हिवाळ्यांचा हिशेब बरोबर आहे. हस्ताक्षर तुझ्या मानाने बरे आहे.

आईच्या नोंदीतले नाते, पद आणि विभाग यथायोग्य आहेत, त्यांत बदल करू नये. कालावधीत मात्र दुरुस्ती हवी. तू 'ते जून २००९' असे लिहिले आहेस. कागदोपत्री ते अचूक आहे आणि कोणी विचारल्यास मी तसेच सांगेन. तरीही 'ते' च्या पुढचे खोडून टाक आणि जागा कोरी सोड.

फॉर्म मग लगेच रवाना करावा. सर्वांस यथायोग्य सांगावे. इकडची काळजी करू नये, घरी यावे.

तुझा पिता,
आर्विड निस्काला