आवाजाची चाचपणी

३ डिसेंबर १९४६, कर्जत

एकोलोकेशन! अमेरिकन मासिकातून हा नवा शब्द आला आणि समितीनं अण्णांवर सोपवलेला शास्त्रीय परिभाषेचा कोश चार दिवस त्याच्यापाशीच अडून बसलाय. वटवाघूळ आवाज सोडतं, तो कशावर तरी आपटून परत येतो, त्यावरून त्याला वाट कळते. याला मराठीत काय म्हणायचं? अण्णांचा शब्द – 'प्रतिध्वनिस्थाननिर्णय'. मी म्हटलं, "हा माझ्या वर्गातल्या मुलींच्या तोंडात मावायचा नाही." चिडले. हेडमास्तरकी सुटून दोन वर्षं झाली तरी!

५ डिसेंबर

आधी आवाज ऐकू या, मग शब्द करू, असं सुचवलं. अण्णा म्हणाले, "तू ऐक. मी सोबत येतो."

८ डिसेंबर, रविवार

कोंढाण्याच्या लेण्यांत जाऊन आलो. वाट दाखवायला कोंदिवड्याची बायजा.

मासिकातल्या वटवाघळांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. ही मात्र फळं खाणारी, यांचा येतो! आतल्या खोलीत कंदील विझवला आणि – टक्, टक्, टक्. दारात मी त्यांच्या वाटेत अडथळा म्हणून सुतळी ताणली होती. तिच्याजवळच बसले, दर टक्‌ला वहीत एक उभी रेघ. कंदील लावून पाहिलं तर आधी रेघा विरळ, मग ती सुतळीजवळ आली तशा एकीवर एक, नुसता शिशाचा डाग!

बायजा म्हणाली, "चाचपतंय ते, बाई. काळोखात आमी हातानं चाचपतो, ते आवाजानं."

चाचपणी! मी अण्णांकडे वळले. ते वहीतच बघत होते. "किती रेघा झाल्या?" – एवढंच.

११ डिसेंबर

'ध्वनिचाचपणी' लिहून दिला. विरळ आवाजाला 'शोध', दाट आवाजाला 'लगट'. अण्णा म्हणाले, "ग्राम्य." मी म्हटलं, "पण ऐकून केलेत. तुमचा शब्द वाचून केलाय!"

ते जेवणाचं पान अर्धं टाकून उठले.

१२ डिसेंबर

अबोला.

१५ डिसेंबर

बायजा आवळे घेऊन आली. पडवीत अण्णा वाचत होते. "दत्तोपंत मास्तर, अवो मास्तर!" – तीनदा. मान वर नाही. ती थेट माझ्याकडे चुलीपाशी आली.

"बाई, मास्तरांना ऐकू येत नाय. तवा लेण्यातबी नाय आलं. काळोखात मला हळूच इचारत व्हते, आवाज झाला का, थांबला का. मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

मला ठाऊक नव्हतं. एका घरात राहून!

अण्णांच्या समोर जाऊन बसले. सावकाश विचारलं.

"तीन वर्षं झाली," अण्णा म्हणाले. "ओठ बघून भागवतो. शाळेत कळू दिलं नाही. आता समितीला कळलं तर कोश काढून घेतील." मग पुस्तक मिटून, "लेण्यात फार आवाज होता का गं?"

मी त्यांचा हात धरला. तळहातावर बोटानं टक्, टक् केलं – आधी सावकाश, मग भराभर. ते डोळे मिटून बसले होते.

२० डिसेंबर

अण्णांनी समितीला लिहिलं : "मला ऐकू येत नाही. ध्वनीचे शब्द यापुढे माझी मुलगी सुचेता ठरवील." पाकीट नाही – उघडं कार्ड! गावातलं अख्खं पोस्ट वाचेल. स्वतः जाऊन टाकून आले.