शाई नसलेलं बोट

३ डिसेंबर

मत देऊन आले! केंद्र उघडायच्या आधीच रांगेत. ह्यांना स्वेटर, मफलर घालून सोबत ओढलं. "काहून एवढी घाई करून राहिली? निवडणूक पळून चाल्ली का?" करत होते, पण आले.

महिनाभर मी प्रीतमसाठी दारोदार फिरले. छत्रीवाल्यांचा उमेदवार, आपल्याच सक्करदऱ्यातला पोरगा. त्याने शब्द दिलाय – आपल्या वसाहतीच्या, ह्या ले-आउटच्या, मैदानाला हात लागू देणार नाही. शिडीवाल्यांना तिथे कॉम्प्लेक्स हवंय. हृदयाच्या बायपासनंतर ह्यांनी पहिली पावलं टाकली ती त्याच मैदानावर. बाहेरच्या रस्त्यावर ट्रक, ई-रिक्षा, मोकाट गुरं. तिथे ह्यांना एकटं सोडायची माझी हिंमत नाही.

आणि समोरच्या घरातली मधुवंती? रामटेकला! संध्याकाळी उकडलेले शिंगाडे घेऊन हजर. "मी गेलीच नाही वं मतदानाले. सारे सारखेच. सुट्टी होती, जाऊन आलो गडावर." माझ्या नखावर काळी रेघ, तिच्या बोटांवर नेलपॉलिश.

शिंगाडे गोड होते. त्याचाही राग आला.

५ डिसेंबर

प्रीतम निवडून आला!! ले-आउटमध्ये गुलाल, पेढे. महापालिकेत मात्र कोणालाच बहुमत नाही. मधुवंतीनेही पेढा खाल्ला. मत न देता पेढा!

१३ डिसेंबर

युती झाली. छत्री आणि शिडी! महिनाभर एकमेकांना चोर म्हणत होते, आज टीव्हीवर एकमेकांच्या गळ्यात हार. महापौर शिडीचा. मागे कोपऱ्यात प्रीतम टाळ्या वाजवत उभा.

ह्यांनी नुसता आवाज बंद केला टीव्हीचा.

१४ डिसेंबर

मधुवंती गॅलरीतून – "काय वं नीला, कोण आलं मग? छत्री का शिडी?" आणि हसली.

२१ डिसेंबर

प्रीतमला गाठलं. मैदानाचं काय, विचारलं. खाली मान घालून म्हणाला, "काकू, समजून घ्या ना. युतीधर्म पाळावा लागते." कॉम्प्लेक्स होणार. फक्त ले-आउटच्या सोसायटीची ना हरकत पाहिजे, तेवढी मिळवून द्या म्हणे. मला म्हणाला! घरोघरी जाऊन त्याच्यासाठी हात जोडणारीला.

आता जी भेटते ती मलाच ऐकवते. "तूच तं सांगतलं होतं छत्रीवर दाबाले." जणू युती माझ्या स्वयंपाकघरात झाली. मी छत्रीला मत दिलं, शिडीला नाही दिलं. छत्रीने ते उचलून शिडीला देऊन टाकलं, मला न विचारता. मग जबाब मी का द्यायचा? पण मीच देते आहे.

आणि मधुवंतीला कोणी एका शब्दाने विचारत नाही. मजेत भाजीवाल्याशी हुज्जत घालते. तिचं काही चुकलंच नाही, कारण तिने काही केलंच नाही! लिहूनच टाकते – मला तिचा हेवा वाटतो. तिच्या त्या कोऱ्या बोटाचा. तिला शांत झोप लागते, त्याचासुद्धा.

२८ डिसेंबर

आज मधुवंतीशी भांडले. ती परत म्हणाली, "म्हणून तं मी देतच नाही." मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसले. म्हटलं, "तुझ्यासारख्या अर्ध्या नागपूरने त्या दिवशी सहली काढल्या, म्हणून कोणालाच बहुमत नाही! म्हणून युती करायची पाळी! हात झटकून मोकळी होऊ नकोस. न दिलेलं मतही कोणाच्या तरी कामी येतं."

तिने दार लावून घेतलं. दिवसभर बरं वाटलं मला.

१६ जानेवारी

मधुवंतीकडे हळदीकुंकू. सगळा ले-आउट लोटला होता. माझ्याकडे परवा बोटावर मोजण्याइतक्या आल्या.

आणि तिथे, तिळगूळ देता देता, बाई उभी राहून म्हणाली – "मैदान देऊ नका. सोसायटीच्या मीटिंगमधी सगळ्याइनं नाही म्हणा." सगळ्या ऐकत होत्या! कोपऱ्यावरच्या घरातली मिनल म्हणाली, "मधुवंती कोणत्याच पक्षाची नाही, तिचं ऐकावं." म्हणजे मत दिलं नाही ही आता तिची लायकी झाली! मी हेच महिनाभर बोलले तेव्हा मी छत्रीवाली होते.

वाणात स्टीलचा डबा दिला. चांगला जाड. नेहमीप्रमाणे माझ्यापेक्षा भारी.

२४ जानेवारी

ती रोज संध्याकाळी घरोघरी फिरते आहे. माझाच रस्ता, माझीच घरं. माझ्याकडे पण आली. "चाल नं सोबत, नीला. तुले सारे ओळखतात." म्हटलं, गुडघा दुखतो.

गुडघा ठणठणीत आहे.

ती गेल्यावर हे म्हणाले, "मधुवंती बोलते मोठी छान. पटते माणसाले." पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांना माझं बोलणं कधी पटलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं होतं, तेही आजच सांगितलं.

३० जानेवारी

परवा मीटिंग, मैदानातच मंडप टाकून. एका घराला एक मत, चिठ्ठीवर लिहून. घर माझ्या नावावर, म्हणजे मत माझं. ह्यांना नुसतं बसता येईल.

पक्कं आहे, मैदान वाचणार. वाचू दे, मला हवंच आहे ते! पण वाचलं की सगळे म्हणतील मधुवंतीने वाचवलं. हार तिच्या गळ्यात पडेल आणि मी खाली सतरंजीवर बसून टाळ्या वाजवीन – प्रीतमसारखी. ते मला बघवणार नाही.

माझ्या एका मताने काय अडतं? एवढी फिरली आहे ती.

१ फेब्रुवारी

रामटेकला येऊन बसले आहे. एकटीच. ह्यांना सांगितलं, नवस होता. कसला ते ह्यांनी विचारलं नाही, फक्त म्हणाले, "आजच?" सकाळच्या बसने निघाले.

दर्शन झालं. गडावर वारा छान आहे, माकडांनी प्रसाद पळवला. खाली भाताची शेतं कापून मोकळी पडली आहेत. मधुवंतीला त्या दिवशी असंच वाटलं असेल का? मला वाटत नाही. मैदानातला मंडप डोळ्यांपुढे येतो आहे.

आत्ता फोन वाजला. मधुवंती. कापला. परत वाजला. परत कापला. जिंकल्याचं सांगायची एवढी घाई! शेवटी फोन बंदच करून ठेवला पिशवीत.

नखाकडे पाहिलं. शाई पार टोकाशी आली आहे.

२ फेब्रुवारी

मैदान गेलं.

मतं बरोबरीत पडली. अध्यक्ष रुपरावांनी मग ईश्वरचिठ्ठी काढायची ठरवलं – दोन चिठ्ठ्या तांब्यात टाकल्या, 'द्या' आणि 'देऊ नका'. त्यांच्या आईने, पार्वतीबाईंनी, डोळे मिटून उचलली. 'द्या' निघाली. शिडीवाल्यांनी तिथेच फटाके लावले.

हे सगळं ह्यांनी चहा पिता पिता सांगितलं. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, "मधुवंतीनं चिठ्ठी टाकू दिली नाही लवकर. उभीच राहिली तांब्यावर हात ठेवून. म्हणे, थांबा, नीला येऊनच राहिली असंल. मले तिनंच शिकवलं, ती मत सोडाची नाही. तुले फोन लावून राहिली होती सारखी."

मग चपला घालून फिरायला निघाले. बाहेरच्या रस्त्याने.